झेब्रा डॅनिओ एकेक करून मरतायत? नवी जोडी आणण्याआधी हे तपासा

दुकानात जाऊन "काटक मासा द्या" म्हटलं की बहुतेक वेळा पिशवीत झेब्रा डॅनिओ पडतात. निळ्या-चंदेरी पट्ट्यांचे, जेमतेम चार-पाच सेंटीमीटरचे, एका जागी क्षणभरही न थांबणारे. स्वस्त मिळतात, इतर माशांच्या वाट्याला सहसा जात नाहीत, हीटर लागत नाही. आणि तरीही घरच्या टाक्यांबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार याच माशाची असते. सहा सोडले, पंधरवड्यात दोन गेले. दोन नवे आणले, पुढच्या महिन्यात तीन गेले. पुन्हा आणले. पाणी तर स्वच्छ दिसतंय, फिल्टर चालू आहे, खाणं वेळेवर पडतंय. मग बिघडतंय कुठे?

पहिलं काम म्हणजे नवे मासे आणणं थांबवा. मेलेल्या माशाची जागा लगेच भरली की टाकीत काय चुकतंय ते कळायचा मार्गच बंद होतो. दर नव्या माशाबरोबर घाणीचा भार वाढतो, दुकानातला रोग आत येतो, आणि आधीचे मासे कशाने गेले आणि हे कशाने जातायत याचा गोंधळ होतो. काटक मासा वाईट पाणी बराच काळ सोसतो. नाजूक मासा दुसऱ्याच दिवशी तोंड वर काढतो, हा मात्र खात-पीत, पळत राहतो आणि एका सकाळी तळाशी पडलेला दिसतो. तुम्हाला तो अचानक गेलेला वाटतो, पण त्रास त्याला आठ-दहा दिवसांपासून होत असतो.

म्हणून मी कुणालाही आधी एकच विचारतो: मासा कधी मेला? तारीख नव्हे, कशानंतर? भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाणी कधी बदललं, टाकी कधी धुतली, सोसायटीची टाकी कधी साफ झाली, वीज किती वेळ गेली आणि मासा कधी गेला एवढं लिहायला लागा. दोन महिन्यांची पानं समोर ठेवली की बहुतेक घरांत कारण तिथेच दिसतं.

टाकी धुतल्यानंतर चार ते दहा दिवसांत जात असतील तर

आपल्याकडे हे कारण सगळ्यात जास्त घरांत सापडतं, म्हणून यावर जरा थांबू.

पद्धत अशी असते: महिन्यातून एकदा टाकी साफ करायची. स्वतः करा नाहीतर दुकानातला माणूस येतो. मासे बादलीत काढायचे, सगळं पाणी ओतून द्यायचं, खडी परातीत घेऊन नळाखाली खळखळून धुवायची, फिल्टरचा स्पंज पांढराशुभ्र होईपर्यंत पिळायचा, काच घासायची, ताजं पाणी भरायचं आणि मासे परत. टाकी चकाचक दिसते. चार दिवसांनी पाणी किंचित धुरकट होतं. आठव्या दिवशी पहिला मासा जातो.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात येतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. अमोनिया विषारी आहे. तो निकामी करण्याचं काम जिवाणू करतात: एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, तो रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवतो. नायट्रेट त्यामानाने सौम्य. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजवर, खडीवर, काचेवर, झाडांच्या पानांवर थर करून राहतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. महिन्यातून एकदा सगळं नळाच्या पाण्याने धुतलं की क्लोरीन आणि घासणं मिळून ती वस्ती जवळपास संपते. म्हणजे अशा घरातली टाकी कायम नवीच असते. वर्षभर चालू असूनही ती कधी स्थिरावलेलीच नसते.

पाणी दिसायला स्वच्छ आहे, हे इथे काहीच सांगत नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही पाण्यात विरघळलेले असतात, दिसत नाहीत, या प्रमाणात वासही येत नाही. त्यासाठी थेंबांचं टेस्ट किट घ्यावं लागतं. चार-सहा वेळा मासे आणण्याच्या खर्चात किट येतं आणि कितीतरी महिने पुरतं. कागदी पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट भरवशाचं. बाजारात सर्रास मिळणाऱ्या अमोनियाच्या किटमध्ये नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर शून्य, हिरवी झाक आली तर अमोनिया आहे. ही झाक रात्री ट्यूबलाइटखाली नीट ओळखू येत नाही. नळी दिवसा खिडकीपाशी न्या, मागे पांढरा कागद धरा, सांगितलेली मिनिटं पूर्ण होऊ द्या आणि मगच रंग जुळवा. पिवळ्यातला तो अगदी पुसटसा हिरवेपणाच तुम्हाला शोधायचा आहे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत, एवढं हवं.

अमोनिया किंवा नायट्राइट निघालंच तर घाबरून पुन्हा टाकी धुवू नका. त्याने दिवस आणखी मागे जातात. पुढचे काही दिवस एवढंच करा:

- खाणं दोन दिवस पूर्ण बंद. मोठे डॅनिओ दोन दिवस उपाशी राहिले तर त्यांना काही होत नाही.
- क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने रोज पाव ते निम्मं पाणी बदला आणि रोज टेस्ट करा. (टाकीचं पाणी कित्येक महिने बदललेलं नसेल तर निम्मं बदलू नका. त्याचं कारण पुढे आहे.)
- फिल्टर आणि एअर पंप चोवीस तास चालू. स्पंजला हात लावू नका.
- नायट्राइट जास्त असेल तर लिटरला १ ग्रॅम साधं मीठ आधी मगभर पाण्यात विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.
- ओळखीत कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर त्यांचा वापरातला स्पंज मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. येताना ओला ठेवा, त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून. सहा आठवड्यांचं काम काही दिवसांत होतं.

आणि यापुढे टाकी धुणं हा प्रकारच बंद करा. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. दोन फुटी टाकी म्हणजे २४ × १२ × १२ इंच, त्यात ५६ लिटर मावतं, पण खडी आणि वरची मोकळी जागा धरली तर खरं पाणी ४५ लिटरच्या आसपास. पाव हिस्सा म्हणजे ११-१२ लिटर, पाऊण बादली. सायफनची नळी खडीत खुपसून घाण ओढून घ्या, एका आठवड्यात डावी बाजू, पुढच्या आठवड्यात उजवी. नळीतून गाळ वर चढताना दिसतो, खडी घुसळून पुन्हा खाली बसते, आणि पाणी स्वच्छ यायला लागलं की नळी दोन बोटं पुढे सरकवायची. स्पंज महिन्यातून एकदा, किंवा फिल्टरची धार मंदावली की, बादलीत काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोन-तीनदा दाबायचा. बादली गढूळ होते, स्पंज तपकिरीच राहतो. तो तसाच हवा. नळाखाली धरायचा नाही.

खाण्याचा हिशेबही इथेच करायला हवा. या कुळातल्या माशांना जठर नसतं, अन्न सरळ आतड्यात जातं. एका वेळी भरपूर घातलं तर बरंचसं अर्धवट पचून बाहेर येतं आणि पुन्हा अमोनिया. डॅनिओ कायम भुकेले दिसतात, काचेपाशी माणूस आला की सगळे धावत येतात, आणि घरातले चौघे आपापल्या वेळी चिमूट-चिमूट टाकतात. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून दोनदा, आणि ते काम घरातल्या एकाच माणसाकडे. हा मासा वरच्या थरात खातो, म्हणून फ्लेक्स बोटांत चुरून टाका. तळाला जाऊन बसणारे मोठे दाणे त्याच्या कामाचे नाहीत.

पाणी बदललं त्याच दिवशी जात असतील तर

इथे संशयाची दिशा वेगळी. पहिला संशय क्लोरीनवर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन राहायला हवं. माणसाच्या आरोग्यासाठी ते गरजेचंच आहे, पण माशाचे कल्ले त्याने भाजतात. पावसाळ्यात नदी-धरणाचं पाणी गढूळ येतं तेव्हा मात्रा वाढवली जाते. जूनपर्यंत जे पाणी चालत होतं तेच जुलैत मासे मारतं, ते यामुळे. सोसायटीची गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरने साफ झाली असेल तर पुढचे दोन दिवस नळाचं पाणी फिशटँकमध्ये घालूच नका. सूचना फलकावर त्याची तारीख लागते, ती बघत चला.

गावाकडे पाणीपुरवठ्याचे कर्मचारी ओटी टेस्ट करतात: नळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले की क्लोरीनच्या प्रमाणात पिवळा रंग येतो. जलतरण तलावासाठी मिळणारं साधं क्लोरीन किट घरी ठेवलं तर तुम्हालाही तेच तपासता येतं. वासावर विश्वास ठेवू नका.

उपाय सोपा आहे. पाणी उघड्या बादलीत एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून रात्रभर, नुसतंच ठेवायचं तर पूर्ण दिवसभर ठेवा. घाई असेल तर अँटी-क्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पण बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत आणि बादलीत. टाकीत आधी पाणी ओतून मग वरून औषधाचे थेंब टाकणं ही फार चाललेली सवय आहे. ती मोडा. तेवढ्या वेळात कल्ल्यांना लागायचं ते लागतं.

दुसरी शक्यता जास्त घातक. टाकी कित्येक महिने न बदलता चालली आहे, फक्त उडालेलं पाणी वरून भरलं जातंय, मासे मजेत आहेत. मग एक दिवस पाहुणे येणार म्हणून ऐंशी टक्के पाणी बदललं आणि संध्याकाळपर्यंत सगळा थवा आडवा. अशा जुन्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, सात म्हणजे मधलं, त्याखाली आम्ल) हळूहळू उतरून सहाच्या जवळ गेलेला असतो. कमी पीएचला जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचतो, पण त्या पीएचला तो जवळपास सगळा अमोनियमच्या सौम्य रूपात असतो, म्हणून मासे जगतात. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण साठ्यातला शंभरात एक भागही विषारी रूपात नसतो, पीएच ८ ला तो पाच भागांच्या वर जातो. आठ पीएचचं ताजं नळपाणी भसकन ओतलं की तो साचलेला साठा काही मिनिटांत विषारी होतो. म्हणून दुर्लक्षित टाकी सावरायची तर रोज दहा टक्के पाणी, दोन आठवडे. एका दिवसात ती सुधारायला जाऊ नका.

बोअरचं पाणी वापरत असाल तर त्यात क्लोरीन नसतं, पण जमिनीतून ताजं उपसलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. तेही रात्रभर एअरस्टोन लावून ठेवा. ते जड असतं म्हणून डॅनिओला काही बिघडत नाही, मध्यम जड पाणी त्याला चांगलंच मानवतं. उलट "सगळ्यात शुद्ध" म्हणून निव्वळ आरओचं पाणी घालणाऱ्यांच्या टाक्या जास्त बिघडतात. त्यात क्षारच नसल्यामुळे पीएच धरून ठेवायला काही उरत नाही, तो घसरतो आणि जिवाणूंचं काम थंडावतं. आरओ वापरायचंच तर निम्मं नळाचं मिसळा.

पहाटे मेलेले सापडत असतील तर

प्राणवायू. रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू घेतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. त्यात उन्हाळा. २५ अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना ७.३. हा फरक लहान दिसतो, पण गरम पाण्यात माशाची आणि जिवाणूंची, दोघांचीही प्राणवायूची गरज वाढलेली असते. विदर्भ-खानदेशात मे महिन्यात बंद घरातल्या टाकीचं पाणी ३२ च्या पुढे सहज जातं.

डॅनिओ वरच्या थरातच फिरतात, त्यामुळे ते गुदमरलेत हे पटकन लक्षात येत नाही. बारकाईने बघा. बरा असलेला मासा वर येतो, काहीतरी टिपतो आणि वळतो. गुदमरलेला एका जागी तिरका होऊन थांबतो, ओठ पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेले, कल्ल्यांची झाकणं भरभर हलताना, आणि काचेवर बोट ठेवलं तरी थवा फुटत नाही. असं दिसलं की फिल्टरची धार पृष्ठभागावर पडेल अशी वळवा, एअर पंप लावा, गार पाण्याने थोडं पाणी बदला. उन्हाळ्यात टाकीवरून तिरका वारा जाईल असा छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. त्यासाठी झाकण काढाल तर त्या जागी जाळी बसवा, कारण डॅनिओ पट्टीचा उडी मारणारा आहे. टाकीत मासा मोजताना कमी भरला आणि सापडलाच नाही, तर टाकीच्या मागे जमिनीवर बघा.

वीज जाणाऱ्या भागात एअर पंप इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. तो बल्बपेक्षाही कमी वीज खातो. भारनियमन रात्रीचं असेल तर हे आजच करा. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर तासन्‌तास बंद राहिला असेल, तर पुन्हा चालू करण्याआधी त्याच्या आतलं कुजलेलं पाणी ओतून द्या. नाहीतर ते सरळ टाकीत येतं.

आणल्यापासून दोन दिवसांत

यात तुमच्या टाकीचा दोष कमी, प्रवासाचा आणि दुकानाचा जास्त. आपल्याकडे येणारे बरेच शोभेचे मासे कोलकाता किंवा चेन्नईतल्या कोळत्तूरहून पिशव्यांतून येतात आणि दुकानात उतरल्या दिवशीच विकले जातात. दुकानदाराला विचारा, माल कधी आला? चार-पाच दिवस झाले असतील तरच घ्या. ज्या टाकीत एक जरी मेलेला किंवा पंख मिटून थरथरणारा दिसला, त्या टाकीतला दुसरा कितीही तजेलदार असो, घेऊ नका. घरी पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला आणि जाळीने फक्त मासा उचला. पिशवीतलं पाणी मोरीत. मासे कुरिअरने दोन दिवसांचा प्रवास करून आले असतील तर मात्र पिशवी उघडल्यावर रेंगाळू नका. पिशवीत साठलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि वर सांगितलेला अमोनियाचा प्रकार पिशवीतच घडतो.

महिन्या-दोन महिन्यांत एक, बारीक होत होत

टेस्ट सगळ्या चोख, पाणी उत्तम, तरी अधूनमधून एक मासा खात असूनही वाळत जातो, पोट आत जातं, पाठ वाकते, थव्यातून मागे पडतो. हे वेगळं प्रकरण आहे. प्रयोगशाळांत झेब्रा डॅनिओ फार मोठ्या संख्येने पाळले जातात, त्यामुळे त्याच्या रोगांचा अभ्यास चांगला झालेला आहे. असं वाळणं आणि वाकणं बहुतेकदा दोन कारणांनी होतं: मज्जारज्जूत घर करणारा स्यूडोलोमा नावाचा सूक्ष्म परजीवी, किंवा मायकोबॅक्टेरियम गटातले जिवाणू. दोन्हींवर घरच्या टाकीत भरवशाचा इलाज नाही. दुकानातल्या निळ्या-पिवळ्या बाटल्या ओतत बसू नका, त्यातल्या काही औषधांनी फिल्टरचे जिवाणू मात्र मरतील.

करण्यासारखं एवढंच: असा मासा वेगळा काढा, आणि मेलेला तासभरही टाकीत राहू देऊ नका. बाकीचे त्याला कुरतडतात आणि रोग त्यातूनही पसरतो. मायकोबॅक्टेरियम माणसाच्या जखमेतून कातडीत शिरू शकतो, म्हणून हाताला कापलेलं असताना टाकीत हात घालू नका, आणि सायफन तोंडाने ओढून सुरू करण्याची सवय सोडा. नळी टाकीच्या पाण्यात पूर्ण बुडवून भरा, टोकाला अंगठा दाबून बाहेर काढा, काम होतं.

पाठ वाकलेला प्रत्येक मासा रोगीच असतो असंही नाही. टाकीत डॅनिओ तीन-चार वर्षं जगतो, आणि दुकानातून आणलेला पूर्ण वाढलेला मासा आधीच वर्षभराचा असू शकतो. म्हातारपणी पाठ वाकतेच. मादी फुगलेली असेल तर ती अंड्यांनी भरलेली असण्याची शक्यता जास्त. खवले उभे राहून अंगापासून सुटलेले दिसले, तर मात्र ते अंगात पाणी भरणं, आणि त्यातून मासा क्वचितच वाचतो.

शांत मासा असून एकमेकांना पळवतायत

शेपट्या फाटलेल्या, एक मासा कायम फिल्टरच्या मागे लपलेला. इथे संख्या मोजा. थव्यात राहणाऱ्या या माशांत वरचढपणाची उतरंड असते. तीन-चारच असतील तर सगळ्यात दांडगा नर एकालाच धरून पळवत राहतो आणि पळणारा खाण्याविना खंगतो. आठ-दहांच्या थव्यात तोच पाठलाग सगळ्यांमध्ये वाटला जातो. नर सडपातळ, निळ्या पट्ट्यांच्या मधे सोनेरी झाक असलेला, मादीचं पोट गोल आणि चंदेरी. माद्या नरांपेक्षा जास्त ठेवा. टाकी उंच नको, लांब हवी, निदान दोन फूट. बाऊलमध्ये हा मासा ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला सरळ रेषेत पोहायला लागतं.

दिवा लागल्यावर पहिला तास-दीड तासच पाठलाग होत असेल आणि नर मादीला झाडांच्या बुडख्यांकडे रेटत असतील, तर ते भांडण नाही. हा मासा सकाळच्या उजेडात अंडी घालतो. अंडी खडीत पडतात आणि मागोमाग तेच मासे ती टिपून खातात. त्यात हस्तक्षेप करायचं कारण नाही.

लांब पंखांचे गप्पी, फायटर किंवा संथ चालीचे एंजल सोबत असतील तर डॅनिओ चावण्यापेक्षा त्यांच्या धावपळीचाच त्यांना जास्त त्रास होतो. सोबत हवी तर कोरिडोरास, बार्बमधले शांत प्रकार, रासबोरा. दुकानात हिरवे, केशरी, गुलाबी चमकणारे डॅनिओ मिळतात, ते याच जातीत जनुकीय बदल करून तयार केलेले, त्यांची गरज सारखीच आणि ते साध्या डॅनिओच्या थव्यात मिसळतात. "जायंट डॅनिओ" म्हणून मिळणारा मासा मात्र वेगळा. त्यातला मलबार डॅनिओ आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतला, दहा सेंटीमीटरच्या आसपास वाढणारा. त्याला दोन फुटी टाकी पुरत नाही.

अजून एक समज दुरुस्त करायला हवा. डॅनिओ सतत पळतो म्हणून त्याला जोरदार प्रवाह हवा, असं मानून लोक मोठा पॉवर फिल्टर लावतात आणि मासे दिवसभर धारेशी झगडत राहतात. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. तो तिकडे उथळ, संथ ओढ्यांत आणि भातखाचरांच्या कडेने राहतो. म्हणूनच तो थंडी-उन्हाळा सोसतो. आपल्याकडे डिसेंबरात पाणी १८-१९ अंशांपर्यंत उतरलं तरी चालतं, फक्त एका दिवसात पाच-सहा अंश हेलकावे नकोत. तसे झाले की अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, म्हणजे व्हाइट स्पॉट, उठायला निमित्त मिळतं. साध्या स्पंज फिल्टरची धार त्याला पुरते.

नवे कधी आणायचे

सलग तीन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट शून्य, एकही मासा गेलेला नाही, आणि उरलेले एकत्र फिरून खातायत, एवढं जुळलं की आणा. एकेक आणू नका, थवा पुरा करायला जितके लागतात तितके एकाच दुकानातून, एकाच खेपेत. ते सरळ मोठ्या टाकीत सोडायचे नाहीत. झाकणाची मोठी प्लॅस्टिकची पेटी, त्यात मोठ्या टाकीतलं पाणी आणि तिथेच महिनाभर आधीपासून ठेवून तयार केलेला जादा स्पंज, एवढ्यावर तीन आठवडे वेगळे ठेवा. रोज थोडं पाणी बदला, ठिपके, वाळणं, पंख मिटणं बघत राहा. पेटीची जाळी आणि नळी वेगळी ठेवा, दोन्हीकडे एकच वापरली तर वेगळं ठेवण्याचा उपयोग नाही. मासे मोठ्या टाकीत गेले की पहिले दोन आठवडे खाणं नेहमीच्या निम्मं आणि अमोनियाची टेस्ट एक दिवसाआड. जिवाणूंची वस्ती वाढलेल्या भाराला पुरेशी व्हायला तेवढा वेळ लागतो.